तिसरा कान

घडीवाचक यंत्राने पहिल्याच दिवशी बारा परीक्षकांपैकी अकरा जणींना डावखुरं ठरवलं.

"माय वं," ललिता सोनटक्के म्हणाली, "जन्मभर उजव्या हातानं भाकरी थापली अन् आता हे डबडं मला शिकवते."

नागपूरच्या चलन परीक्षण केंद्राच्या लांबलचक दालनात हशा पिकला. कागदी नोटा आता संपल्याच, असं दर पाच वर्षांनी कुणी ना कुणी जाहीर करायचं आणि नोटा दर पाच वर्षांनी थोड्या जास्तच मळून केंद्रात यायच्या. बँकांच्या शाखांकडून आलेल्या नोटांतून मळक्या, विटलेल्या बाजूला काढायच्या आणि धडक्या पुन्हा चलनात धाडायच्या, हे या बारा बायकांचं काम. येत्या महिनाअखेरीस ते यंत्राकडे जाणार होतं. ज्याने आपली जागा घ्यायची, ते पहिल्याच दिवशी तोंडावर पडलं, याचा आनंद कुणालाही झाला असता.

यंत्र बनवणाऱ्या डॉ. नाझनीन पटवेकर मात्र हसल्या नाहीत. पस्तिशीच्या, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या या बाई चूक सापडली की खूश व्हायच्या. त्या सरळ मंदाकिनी घोडेस्वारांच्या टेबलाशी आल्या. यंत्राने उजव्या हाताची म्हटलेली बारावी परीक्षक म्हणजे मंदाताई.

"मंदाताई, या सगळ्यांना काम कुणी शिकवलं?"

"मी. एकतीस वर्षांत जी आली ती माझ्याच समोर बसली."

"समोर? शेजारी नाही?"

मंदाताईंनी टेबलाकडे बघितलं. रुंद टेबल, अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. शेजारी बसायला जागाच नव्हती.

परीक्षक नोट हातात घेते, तिचा एक कोपरा अंगठ्याने वळवते आणि सोडून देते. कागदात जीव असेल तर कोपरा ताठ उभा राहतो, कडक आवाज करतो. नसेल तर ओल्या पापडासारखा लोळतो. मंदाताई उजवा कोपरा वळवायच्या. समोर बसलेल्या मुलीला तो आपल्या डाव्या हाताला दिसायचा, म्हणून ती डावा वळवायची. तीही उजव्याच अंगठ्याने, मनगट थोडं वाकडं करून. अकरा जणी वर्षानुवर्षं मनगट वाकडं करून काम करत होत्या आणि ते कुणाच्याच, अगदी मंदाताईंच्याही, लक्षात आलं नव्हतं.

"म्हणून मनगट दुखते होय माझं," ललिता म्हणाली. "मंदाताई, तुमच्यावर केसच टाकते."

"टाक. साक्षीला यंत्राला बोलाव."

डॉ. नाझनीननी दोन दिवसांत यंत्र सुधारलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ते समजावून सांगितलं. समजावताना त्यांचा चेहरा पाककृती सांगणाऱ्या बाईसारखा दिसायचा.

"नोटेचा कागद कापसाचा असतो. घडी घातली की तिथले काही तंतू तुटतात, काही नुसते वाकतात. ते पुन्हा कधीच पहिल्यासारखे होत नाहीत. मी याला तंतुस्मृती म्हणते. आता एका घडीवरून दुसरी घडी गेली, तर जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे आधीचे तुटलेले तंतू नव्याने वाकत नाहीत. त्यावरून कुठली घडी आधीची आणि कुठली नंतरची, ते कळतं. तिरप्या प्रकाशात यंत्र हे सगळं वाचतं. नोटेवर जेवढ्या घड्या पडल्या, त्यांचा क्रमवार घडीलेख तयार होतो."

"आणि हात?" मंदाताईंनी विचारलं.

"कोपरा कुठला वळवला यावर मी विसंबले, ती माझी चूक. सवय उलटी शिकता येते. अंगठा नाही. घडी दाबताना नख थोडं तिरपं टेकतं. उजव्या अंगठ्याचा कल वेगळा, डाव्याचा वेगळा. दाबाच्या पट्ट्याची रुंदी म्हणजे अंगठ्याची रुंदी. तेव्हा आता यंत्र दोन गोष्टी वेगळ्या वाचतं. घडी कुठल्या बाजूची आणि अंगठा कुठला."

"म्हणजे कोणी घडी घातली तेही कळेल?"

"कळू शकेल. म्हणून तर दर संध्याकाळी सगळे घडीलेख पुसले जातात. तो नियम मी स्वतः लिहून घेतलाय. माणसाने खिशात नोट कशी ठेवली, हे सरकारला कळायचं काय कारण? निकाल तेवढा राहतो. चालू किंवा बाद."

त्या दिवशी मंदाताईंचं बारीक लक्ष यंत्रावर होतं. यंत्र मिनिटाला दोन हजार नोटा बघत होतं. त्यांनी मुद्दाम एक नोट आत टाकली. दिसायला कोरी, पण मागे कधीतरी भिजून वाळलेली. अशी नोट महिन्याभरात मान टाकते, हे त्यांच्या बोटांना कळायचं. यंत्राने ती बाद केली.

"हुशार आहे गं," त्या डॉ. नाझनीनना म्हणाल्या. अहोजाहो कधी गळलं ते दोघींनाही कळलं नाही. "माझं मन राखायला तरी एखादी चूक करायची."

"तुमच्याच बोटांवर शिकलंय, मंदाताई. चार वर्षं मी कागदाचा ताठपणा मोजत होते. तुम्ही कोपरा वळवता ते पाहिलं आणि कळलं, की ताठपणा मोजायचा नसतो, विचारायचा असतो."

मंदाताईंना आयुष्यात एवढं चांगलं कुणी बोललेलं नव्हतं. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पर्समधून आपली विसाची नोट काढली, उभी दुमडून लांब पट्टी केली, उजव्या टोकाचा कोपरा तिरपा आत वळवला, अंगठा एकदा पुढे, एकदा मागे फिरवला आणि ती नोट डॉ. नाझनीनच्या डब्याशेजारी ठेवली.

"अशी घडी तुझ्या यंत्राला शोधता येईल का?"

"बकरीच्या कानासारखी दिसते."

"आम्ही कानच म्हणतो. माझा दादा, सुखदेव. एसटीत कंडक्टर होता. उभी दुमडलेली नोट बोटांच्या बेचक्यात धरतात ना ते, तशी. गर्दीत खाली न बघता नोट कळावी म्हणून विसाला तो कान करायचा. मी शाळेत असताना त्याच्या गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शिकले. पुढे इथे लागले, तर रोज भांडण. मी म्हणायची, तुझ्या कानांनी नोटा खराब होतात, तीन कान झाले की नोट बाद होऊन आमच्याकडे येते. तर म्हणायचा, चांगलंय की, तुला भेटायला येते."

"आता कुठे असतात?"

मंदाताईंनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं.

"चोवीस वर्षं झाली. त्याच्या गाडीला रोज येणारी एक बाई होती, विधवा, पदरात मूल. हा म्हणाला, लग्न करतो. घरात सगळेच ओरडले, पण सगळ्यांत मोठ्यानं मी. म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नको." त्यांनी लोणच्याची फोड उगाच इकडची तिकडे केली. "एकदाच म्हटलं मी. त्यानं ऐकलं."

दोनदा बढती आली आणि दोनदा त्यांनी ती नाकारली होती. बढती म्हणजे केबिन आणि केबिनमध्ये नोटा नसतात. कामावर प्रेम म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. तेही होतंच.

"चोवीस वर्षं तुम्ही कान शोधताय?"

"हाताला लागतील ते बघते. बारा टेबलं आहेत, नोटा कोटींनी येतात. कुणाला सांगायचं? लोक म्हणाले असते, बाई नोटेत भाऊ शोधते."

डॉ. नाझनीनने हातातला पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "चाचणीच्या काळात मला कोणतीही घडी शोधता येते. ती कुणाची, कुठल्या गावची, ते विचारता येत नाही. तो माझाच नियम आहे."

"मला गाव नको. आहे की नाही एवढंच."

"अंगठ्याची काही खूण?"

"गाडीच्या दारात सापडला होता. उजव्याचं नख मधोमध फाटलेलं. तसंच दुभंगून वाढतं."

आठव्या दिवशी यंत्राने एक नोट बाजूला काढली. विसाचीच. छापून चौदा महिने झालेली. मधोमध उभी घडी, टोकाला कान, अंगठा पुढे-मागे फिरवून दाबलेला. एक नाही, अकरा कान, एकावर एक. पण कान डाव्या टोकाला होता, आणि अंगठ्याची रुंदी अकरा मिलिमीटर.

"हे ते नाहीत, मंदाताई," डॉ. नाझनीन हळू आवाजात म्हणाली. "नख अखंड आहे. अंगठा लहान मुलाचा, सात-आठ वर्षांच्या. आणि घडी डावीकडची."

मंदाताईंनी नोट हातात घेतली. बोटाने कान चाचपला. अकरा वेळा दुमडलेला तो कोपरा इतका मऊ झाला होता की फडक्यासारखा वाटत होता.

"अंगठा कुठला?"

डॉ. नाझनीनने पडद्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. "उजवा."

"घडी डावी, अंगठा उजवा. या दालनात अशा अकरा जणी आहेत."

"समोर बसून शिकलेलं पोर," डॉ. नाझनीन म्हणाली. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "थांबा. पण तुमच्या भावाकडूनच शिकलं कशावरून? त्यांनी दुसऱ्या कुणाला शिकवलं असेल, त्याने या मुलाला."

"तोही समोर बसवून शिकवता, तर उलट्याचं पुन्हा सुलट झालं असतं. कान उजवीकडे आला असता."

डॉ. नाझनीनने टेबलावर बोटाने दोन माणसं समोरासमोर बसवली, मग तिसरं बसवून पाहिलं. मग मान डोलावली. चार वर्षांत एकाही परिसंवादात तिला इतकं चोख उत्तर मिळालं नव्हतं.

"पोर सात-आठ वर्षांचं," मंदाताई म्हणाल्या. "म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी तरी तो होता."

"आहे असं म्हणा ना."

"यंत्र म्हणेल तेव्हा म्हणेन."

शाखेकडून नोटांचं बंडल येतं तेव्हा त्याला कागदी पट्टी असते आणि पट्टीवर शाखेचा शिक्का. यंत्रात टाकण्याआधी पट्टी काढून त्या ट्रेखालच्या टोपलीत टाकतात. पुढे नोटांना फक्त ट्रेचा नंबर असतो. ही नोट सात नंबरच्या ट्रेची होती. सात नंबरची टोपली दोघींच्या पायाशी होती. दोघींनीही खाली बघितलं नाही.

"मी वळते तिकडे," डॉ. नाझनीन शेवटी म्हणाली. "दोन मिनिटं."

"नको. तुझा नियम चांगला आहे. लपून बसलेल्याला ओढून काढायला यंत्र बनवलंस का? त्यानं माझा शब्द पाळला, मी त्याचा माग काढू?" मंदाताईंनी नोट उजेडासमोर धरली. एकतीस वर्षांत त्यांनी एकही खराब नोट चालू म्हणून पुढे सरकवलेली नव्हती. अकरा कान म्हणजे बाद. त्या उठल्या आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने चुरायंत्रात सोडली. तिचा चुरा झाला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही, इतकी ती मऊ होती.

खुर्चीत परत बसल्यावर त्यांनी विचारलं, "सातव्या ट्रेतल्या चालू नोटा परत त्याच शाखेला जातात ना?"

"हो."

"चालू नोटेला एक कान चालतो?"

"दोनही चालतात. तीन झाले की बाद, तुमचाच नियम आहे तो."

"मग तोंड दाखवू नको म्हटलं होतं मी. हाताबद्दल काही बोलले नव्हते."

उरलेल्या तीन दिवसांत मंदाताईंनी सातव्या ट्रेतल्या विसाच्या प्रत्येक चालू नोटेला एकेक कान केला. उजव्या टोकाला, अंगठा पुढे-मागे. कान करून झाला की घडी उलगडून नोट सरळ करायची, बंडलात घालायची. चारशे बारा नोटा. नोटेवर कान असायला नियमाची हरकत नव्हती. परीक्षकाने तो करावा की नाही, हे नियमात लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ललिताने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी समोर येऊन बसली.

"काहून करता वो हे, बाई?"

आणि मंदाताईंनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. ललिता ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"उभी घडी, अन् टोकाला तीन-तीन कान? विसाच्याच नोटेला?" ती म्हणाली. "माझ्या टेबलावर कितीक आल्या तशा, ताई. वर्षाला एखाद-दुसरी येतच होती. बाकीच्यांच्या टेबलावरबी. आम्ही म्हणायचो, कोण रिकामटेकडा आहे हा. अन् टाकायचो चुऱ्यात." ती थांबली. "एकदा सांगायचं तरी होतं."

मंदाताईंचे हात थांबले. मग त्यांनी पुढची नोट उचलली.

निरोपाच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि चुऱ्याच्या लगद्यापासून बनवलेला एक पेनस्टँड मिळाला. साहेबांनी भाषणात यंत्राचं कौतुक केलं. मग डॉ. नाझनीन बोलायला उठली आणि म्हणाली की यंत्रात जे काही चांगलं आहे ते या बाईंचं आहे, चुकतं ते माझं. भाषण तेवढंच.

दोन महिने आणि नऊ दिवसांनी मंदाताईंचा फोन वाजला. त्या गॅसवर दूध ठेवून उभ्या होत्या.

"आज चाचणीचा शेवटचा दिवस आहे," डॉ. नाझनीन म्हणाली. "संध्याकाळी सगळं पुसलं जाईल. तुम्ही या."

पाहुण्यांचा पास गळ्यात अडकवून त्या आपल्याच दालनात शिरल्या. टेबलं गेली होती. एकच शिल्लक होतं, त्यांचं. त्यावर विसाची एक नोट आणि शेजारी पडद्यावर तिचा घडीलेख. ललिता आता यंत्रावर होती. ती काम सोडून मागे येऊन उभी राहिली.

"क्रमाने सांगते," डॉ. नाझनीन म्हणाली. "सगळ्यांत खाली पहिला कान. उजव्या टोकाला, अंगठा सतरा मिलिमीटर. तो तुमचा. त्यावर दुसरा, डाव्या टोकाला, लहान अंगठा. अकराचा आता बारा झालाय, वाढतंय पोर. आणि सगळ्यांत वर तिसरा. उजवं टोक, उजवा अंगठा, एकवीस मिलिमीटर. नखाची खूण एक नाही, दोन समांतर रेघा. मधे फट."

मंदाताईंनी नोट उचलली नाही. नुसता अंगठा तिच्यावर ठेवला.

"आहे," त्या म्हणाल्या.

"आहे. पण मला एक कळत नाही. तुमची नोट ओळखली असेल, तर जपून ठेवायची. किंवा दोन कान होते तसे राहू द्यायचे, नोट चालू राहिली असती. तिसरा कशाला? तोही इतका दाबून, की कागद फाटायला आलाय. त्यांनी मुद्दाम नोट खराब केलीय."

मंदाताई ललिताकडे वळल्या. ललिताला आधीच कळलं होतं. तिचे डोळे भरले होते.

"चालू नोट कुठेही जाते गं," मंदाताई म्हणाल्या. "भाजीवाल्याकडे, देवळात, रायपूरला, कुठेही. बाद झालेली एकाच ठिकाणी येते."

दालनात यंत्राचा आवाज तेवढा येत होता, शंभर माणसं एकदम कोपरे वळवत असल्यासारखा. वर्षाला एखाद-दुसरी, ललिता म्हणाली होती. चोवीस वर्षं तो तोंड न दाखवता नोटा खराब करून बहिणीच्या टेबलाकडे धाडत होता आणि त्या शेजारच्या टेबलावर चुरा होत होत्या. त्याचा हात थकला असेल किंवा आशा, तर त्याने नातवंडाला शिकवून ठेवलं होतं.

डॉ. नाझनीन खाली वाकली आणि तिने सातव्या ट्रेखालची टोपली उचलून टेबलावर ठेवली. टोपलीत एकच कागदी पट्टी होती, या नोटेच्या बंडलाची, शिक्का खाली असलेली.

"तुझा नियम?" मंदाताईंनी विचारलं.

"ज्यांना वाचलं जायचं नसतं, त्यांच्यासाठी तो लिहिलाय. ज्याने तीन-तीन कान करून हाका मारल्या, त्याच्यापासून कुणाला काय लपवायचंय?"

मंदाताईंनी पट्टी उलटली. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतला आणि शिक्का वाचला. मग पुन्हा वाचला.

"कुठलं वो, ताई?" ललिताने विचारलं.

"पवनी," मंदाताई म्हणाल्या. "दोन तासांची बस आहे."

त्यांनी ती पट्टी उभी दुमडली, टोकाला एक कान केला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. टेबलावरची नोट नियमाप्रमाणे चुऱ्यात जायची होती. ललिताने ती उचलली, क्षणभर हातात धरली आणि मंदाताईंकडे बघितलं.

"टाक," मंदाताई म्हणाल्या. "पोचली ती."